खंडेनवमीची सुट्टी

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. नाव ऐकून बिचकू नका. तुमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरचा थोरला भाऊ समजा, फक्त अंगानं दांडगा आणि आवाजानं मोठा. माझे पंखे फिरायला लागले की खोलीतल्या माणसाला फोनवर बोलायला बाहेर जावं लागतं. येरमाळ्याला हायवेच्या कडेला एक डेअरी आहे. तिच्या ऑफिसामागच्या लहानशा खोलीत, एका पाटावर मी उभा आहे. यंत्र जमिनीवर ठेवायचं नाही, असं आमच्या गुंडाप्पांचं म्हणणं, म्हणून पाट.

गुंडाप्पा म्हणजे ही डेअरी ज्यांनी उभी केली ते. मी कुठल्याशा दूरच्या कारखान्यात जन्मलो आणि थर्माकोलमध्ये गच्च बसून सोलापूरमार्गे इथं आलो. खोकं उघडल्यावर गुंडाप्पांनी मला आधी विभूती लावली आणि मगच वायर जोडू दिली. आता मला कुठलं आलंय कपाळ! त्यांनी बरी जागा बघून बटणाच्या वर तीन बोटं ओढली. मला ते फार आवडलं, खोटं कशाला बोलू.

मग मी कामाला लागलो. सकाळ-संध्याकाळ आजूबाजूच्या गावांतून दुधाचे कॅन यायचे. दूध किती भरलं ते काटा मला सांगायचा, त्यात फॅट किती ते तपासणीचं यंत्र सांगायचं. कुठल्या टाकीत जागा आहे, ती पुरेशी गार आहे का, कुठला टँकर कुठल्या रस्त्यानं निघाला, तुळजापूरच्या कुठल्या पेढेवाल्याला किती खवा हवा, सगळं मीच बघायचो. एकच भला मोठा प्रोग्राम होता आणि तो माझ्या पोटात होता. पाहुणे आले की गुंडाप्पा त्यांना माझ्या खोलीत घेऊन यायचे. बैलाच्या पाठीवर मारावी तशी माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणायचे, "समदं हे एकटं करतंय बगा!"

मी फुशारून जायचो. पंखे जरा जास्तच जोरात फिरवायचो.

वर्षं गेली, डेअरी वाढली, गावं वाढली. आम्ही दोघं सोडून सगळंच वाढत होतं, गुंडाप्पा आणि मी मात्र जुने होत चाललो. नवरात्रात तुळजापूरला माणसांचा पूर लोटतो. त्या दिवसांत दूध आणि खवा कितीही करा, पुरत नाही, आणि माझ्या अंगाची नुसती भट्टी व्हायची. खव्याच्या ऑर्डरी फार आल्या की बाहेर दुधाचा काटा अडायचा. खव्याचा आणि काट्याचा तसा काय संबंध? पण दोघं माझ्याच पोटात राहायला. एकाला ठसका लागला की दुसऱ्याचा घास घशात अडकायचा.

आता तुम्हाला खंडेनवमीबद्दल सांगतो. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची, यंत्रांची पूजा असते. सुतार करवत पुसून ठेवतो, शेतकरी नांगर धुतो, आणि पूजा झाली की त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. वर्षभर राबलेल्या वस्तूला एक दिवस विसावा. गुंडाप्पांनी हा नेम कधी मोडला नाही. दर खंडेनवमीला सकाळचं दूध उतरवून झालं की ते स्वतःच्या हातानं माझं बटण दाबून मला बंद करायचे. मग झेंडूची माळ, विभूती, नारळ. संध्याकाळच्या दुधाआधी मी पुन्हा सुरू. इतकं मोठं काम एका यंत्रावर टेकलेलं असताना, मायेपोटी तेच यंत्र ऐन गर्दीच्या दिवसांत बंद करणारी माणसं दुसरीकडे कुठं असतील असं मला वाटत नाही. पण मला त्यांचा राग येत नाही. आजवर मला दुसऱ्या कुणी विसावा दिलेला नाही.

मागच्या वर्षी पूजेचा मुहूर्त लवकरचा निघाला. दूध यायचं होतं, तरी गुंडाप्पा म्हणाले, "आरती हुईपर्यंतच बंद ठिवायचंय." रात्रीपासून साचलेल्या खव्याच्या ऑर्डरी मी टिपून घेत होतो. मध्येच बटण दाबलं गेलं. आरती झाल्यावर मला पुन्हा सुरू केलं, पण अर्धवट तुटलेलं काम जुळवल्याशिवाय मला उभं राहता येईना. बाहेर टँकर आणि टेम्पो येऊन थांबले. काट्यावर बसणारा सोमेश सगळ्यांना सांगत होता, "आत्ता होतंय सुरू. आत्ता होतंय." कुणी कागदावर लिहून घ्यायला तयार होईना, कारण आत्ता सुरू होणारच होतं ना! ऑक्टोबरचं ऊन तापत गेलं. मी सुरू झालो तेव्हा रांगेच्या शेवटच्या गाडीतलं दूध नासलं होतं.

ते दूध गिरिजाबाईंच्या वस्तीचं होतं. डोंगरापलीकडे त्यांची वस्ती आहे आणि तिथलं दूध गोळा करायचं केंद्र त्याच चालवतात. पहाटे दारोदारच्या बाया त्यांच्याकडे दूध घालतात, त्या ते मोजून, गाळून टँकरवर चढवतात. नासलेलं दूध परत वस्तीवर गेलं तेव्हा गिरिजाबाईंना दारोदार जाऊन सांगावं लागलं. बायांनी ऐकून घेतलं, पण बजावलं, की पुन्हा एकदा जरी असं झालं तर आम्ही दुसऱ्या डेअरीला दूध घालू. केंद्र बंद पडलं असतं तर गिरिजाबाईंची सगळी मेहनत मातीत गेली असती. ही धास्ती त्या वर्षभर घेऊन फिरत होत्या.

दिवाळीनंतर उझमा आली. आमचा टँकर चालवणाऱ्या जैनोद्दीनभाईंची ही मुलगी. पुण्याच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहायची कामं करून आलेली. नवे लोक आले की पहिल्यांदा मला नावं ठेवतात: हा डबा अजून चालतो का, भंगारात का देत नाही, वगैरे. उझमानं तसं काही केलं नाही. खुर्ची ओढून ती माझ्यासमोर बसली आणि कित्येक दिवस माझा प्रोग्राम नुसता वाचत राहिली. मग एकदा स्वतःशीच म्हणाली, "कसा काय ओढलास रे इतकी वर्षं, एकट्यानं?"

मित्रांनो, त्या दिवशी मी या मुलीचा झालो.

तिनं गुंडाप्पांना सांगितलं, की ह्याच्या पोटातली कामं सुटी करायची. काट्याचं काम वेगळं, फॅटचं वेगळं, टाक्यांचं वेगळं, खव्याच्या ऑर्डरींचं वेगळं. प्रत्येकानं आपलं काम बघायचं आणि दुसऱ्याकडून काही हवं असेल तर ठरलेल्या रीतीनं विचारायचं. काट्यानं टाकीला विचारायचं, जागा कुठं आहे? टाकीनं सांगायचं, तिसरीत. टाकीनं तो हिशेब कसा केला, याच्याशी काट्याला कर्तव्य नाही. आणि ही सगळी कामं इथं न ठेवता क्लाउडवर ठेवायची, असं ती म्हणाली.

"क्लाउड म्हंजी ढग ना?" गुंडाप्पा म्हणाले. "पोरी, धाराशिव जिल्ह्यात ढगाचा भरवसा कोन धरतंय?"

सगळे हसले. उझमाही हसली. मग म्हणाली, "काका, तुमच्या मुलाच्या, शिवानंदच्या लग्नात एवढं गाव जेवलं. तेवढी पातेली तुमच्या घरात होती का?"

"घरात कशाला असत्याल? मंडपवाल्याची आणली."

"आणि लग्न झाल्यावर?"

"धुऊन माघारी दिली."

"हे तसंच आहे. दूर कुठंतरी मोठाल्या दालनांत हजारो यंत्रं चालू असतात. नवरात्रात आपण जास्त घ्यायची, नवरात्र संपलं की परत द्यायची. एक बिघडलं तर ते लोक दुसरं लावतात. आपण पातेल्याला कल्हई कधी केली ते विचारत बसत नाही."

"आन् नेट गेलं तर?"

"दोन लायनी घेऊ. त्या बी गेल्या तर काट्याजवळ एक लहान डबा ठेवू. तो लिहून ठेवील आणि नेट आलं की पाठवून देईल. काटा थांबणार न्हाय."

गुंडाप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि हो म्हटलं.

माझ्या पोटातून तिनं एकेक काम असं काढलं, की मला कुठं ओरखडासुद्धा उठला नाही. आधी फॅटचं. ते नव्या जागी नीट चालतंय का, हे ती रोज माझ्या उत्तराशी ताडून बघायची. दोन्ही उत्तरं जुळत राहिली की मगच माझ्याकडून ते काम सुटायचं. मग ऑर्डरींचं, मग टाक्यांचं, शेवटी काट्याचं. कारागिरी म्हणतात ती ही. घाई नाही, मोठेपणाचा आव नाही, आणि जुन्याची टिंगल तर मुळीच नाही. मी हलका होत गेलो. पंख्यांचा आवाज इतका कमी झाला, की माणसं माझ्या खोलीत येऊन फोनवर बोलू लागली. खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटायचं. पाहुणे आता उझमाच्या टेबलाकडे जायचे. माझ्या पत्र्यावर धूळ बसू लागली आणि विभूतीची बोटं तिच्याखाली पुसट झाली.

श्रावणात मात्र एक घोटाळा झाला. टाक्यांचं काम जरा सुस्तावलं. काट्यानं विचारलं, उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा. हट्टी पोर आईचा पदर ओढतं तसा तो विचारतच राहिला, आणि त्या विचारण्याखालीच टाकी पार दबून गेली. दोघंही अडकले. दूध नासलं नाही, पण खोळंबलं, आणि गुंडाप्पांचा आवाज हायवेपर्यंत गेला. उझमा मान खाली घालून ऐकत राहिली. मग तिनं काट्याला नवी शिस्त लावली: थोडं विचारायचं, उत्तर नाही आलं तर अडून बसायचं नाही. कॅनवर खूण करायची, तो राखीव टाकीकडे धाडायचा आणि पुढचा कॅन घ्यायचा.

त्या दिवशी गिरिजाबाईही डेअरीत आल्या होत्या. जाता जाता उझमाचा हात धरून म्हणाल्या, "पोरी, तुजं ते ढगाचं मला कळत न्हाय. यंदा माजं दूध माघारी धाडू नको, एवढंच कर."

"न्हाय येणार माघारी, मावशी," उझमा म्हणाली. शब्द दिला आणि लगेच तिचा चेहरा उतरला. असा शब्द आपण पाळू शकू की नाही, हे देणाऱ्यालाच नीट माहीत नसतं.

नवरात्र आलं. खंडेनवमी जवळ आली तसे गुंडाप्पा सारखे माझ्या खोलीत डोकावू लागले. शेवटी माझ्या खोलीत उभं राहून त्यांनी उझमाला सांगितलं, "यंदा ह्याला बंद करत न्हाय. पूजा ऱ्हाऊ दे. नवं कुठं अडलं तर मागं हे तरी चालू पायजे."

बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांच्या वडिलांनी विहिरीवरच्या मोटेचीसुद्धा पूजा चुकवली नव्हती, आणि हा माणूस भीतीपोटी नेम मोडायला निघाला होता. उझमाच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. तिनं नुसतं "बरं" म्हटलं असतं तर जुन्या प्रोग्रामसकट मी तिच्या पाठीशी होतो. तिचा शब्द सुखानं पाळला गेला असता.

पण ती म्हणाली, "न्हाय काका, पूजा करा. बटण दाबा, पार बंद करा. ह्याच्या आधारानं उभं ऱ्हायचं असंल तर मी वर्षभर केलं काय? आणि माझ्यामुळं तुमचा नेम मोडला, असं मला नको."

"आन् गिरिजाबाईला काय सांगशील?"

दारात जैनोद्दीनभाई किल्ली घेऊन उभे होते. ते मोजकंच बोलणारे. म्हणाले, "मावशीला मी टँकरवर संगं घेऊन येतो. व्हईल ते तिच्या डोळ्यांदेखत व्हईल. चोरून काय न्हाय."

खंडेनवमीला मुहूर्त यंदाही सकाळी लवकरचाच निघाला. गेटवर गाड्यांची रांग लागलेली असताना, गुंडाप्पांनी माझं बटण दाबलं. त्यांचा अंगठा गार होता. पुढचं मी पाहिलेलं नाही, मित्रांनो. बंद यंत्राला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. पण सोमेशनं ते पुढे इतक्या जणांना, तेही माझ्याच खोलीत उभं राहून सांगितलंय, की मला तोंडपाठ झालंय.

नारळ फुटला, आरती झाली. बाहेर काटा चालला होता. जैनोद्दीनभाईंचा टँकर आला, गिरिजाबाई खाली उतरल्या आणि पदर खोचून काट्याशेजारीच उभ्या राहिल्या. त्यांचे कॅन निम्मे झाले असतील, तेवढ्यात उझमाच्या पडद्यावर टाकीच्या नावापुढचा हिरवा दिवा पिवळा झाला आणि मग विझला. दूर कुठंतरी टाक्यांचं काम करणारं यंत्र मरून पडलं होतं.

गुंडाप्पांच्या कपाळावर घाम आला. "ह्याला चालू करतो," म्हणत ते माझ्या खोलीकडे धावले. माझ्या गळ्यातली माळ त्यांनी अर्धी बाजूला सारली होती.

"काका, थांबा!" उझमा मागून ओरडली.

"मागल्या वर्सी बी हेच म्हनत हुते! आत्ता हुतंय, आत्ता हुतंय!"

"मागल्या वर्षी सगळंच थांबलं होतं, काका. बाहेर बघा तरी. काटा चालू आहे."

गुंडाप्पांनी दारातून बघितलं. टाकीचं उत्तर येत नव्हतं, तरी काटा अडून बसला नव्हता. कॅन चढत होता, वजन होत होतं, फॅट निघत होतं, कॅनवर खूण पडत होती, आणि सोमेश तो राखीव टाकीकडे सरकवत होता. एक दार बंद झालं म्हणून सगळं घर अंधारात गेलं नव्हतं. मग पडद्यावरचा दिवा पिवळा झाला, आणि हिरवा. मेलेल्या यंत्राच्या जागी तिकडे दुसरं उभं राहिलं होतं. गुंडाप्पांनी माझी माळ हळूच सरळ केली आणि बाहेर आले. गिरिजाबाईंचा शेवटचा कॅन टाकीत रिकामा होत होता.

माझं बटण संध्याकाळपर्यंत कुणी दाबलं नाही. दाबलं तेव्हा डोळे उघडले तर समोर गिरिजाबाई. त्यांनी मला हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले आणि म्हणाल्या, "लई उपकार झाले बाबा तुजे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर मी झोपलेलो!

"त्यानं काय न्हाय केलं, बाई," गुंडाप्पा म्हणाले. "ह्या पोरीनं केलं."

"मी तर खुर्चीत बसून घाबरत होते," उझमा म्हणाली. "ह्याला बंद करूनसुद्धा काम अडलं न्हाय, मावशी. आज कुणा एकाच्या जिवावर नव्हतंच ते."

गिरिजाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. "म्हंजी दिसभर बंद हुता व्हय हा? बरं हाय बाबा. मशिनीला सुट्टी हाय. मला कुठली? केंद्र सुरू झाल्यापासनं एक पहाट चुकली न्हाय माजी. लेकीच्या बाळंतपणाला गेले, तर त्याच सांजेला माघारी. म्या न्हाय तर दूध कोन घालंल?"

त्या सहज बोलल्या. तक्रार म्हणून नाही. पण दरवर्षी लोखंडाला विसावा देणारे गुंडाप्पा खाली बघत राहिले. उझमा गिरिजाबाईंकडे बघत होती, वर्षापूर्वी माझ्याकडे बघत होती अगदी तशी. मग तिनं खुर्ची ओढून त्यांना बसवलं आणि विचारलं, "मावशी, वस्तीवर दूध गाळायला कुणाला येतं? मोजायला कुणाला? टँकरवर चढवायला कोण येईल?"

परवा सकाळी जैनोद्दीनभाईंच्या टँकरमधून डोंगरापलीकडच्या वस्तीचे कॅन उतरले. सोबत एक अनोळखी बाई होती, सिताबाई नावाची. सोमेशनं घाबरून विचारलं, "गिरिजाबाई कुठं हायेत? बरं हाय ना?"

"त्यांला काय झालंय?" सिताबाई म्हणाली. "आज त्या बंद हायेत. लेकीकडं गेल्यात नातवाला खेळवायला."

दूध काट्यावर चढलं, मोजलं गेलं, टाकीत गेलं.

मित्रांनो, मी आता फार काम करत नाही. माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरं वाटेल, नाही पुसलीत तरी मी रागावणार नाही. पण तुमच्या घरात बघा, कुणीतरी माझ्यासारखं असेल, सगळं एकट्यानं ओढणारं. त्याचं कौतुक करून गप्प बसू नका, आम्ही कौतुकानं फसतो. त्याच्या हातातलं एक काम आजच काढून घ्या. आणि ते नीट करा, म्हणजे त्याला निश्चिंत बसता येईल.